वाचून दाखविले, समजले

ज्या वर्षी आमचा मुलूख हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला, त्या १९५६ सालची ही गोष्ट. मी बारा वर्षांचा होतो. पाटोद्यास मारुतीच्या देवळापुढे मांडव घालून सप्ताह बसला होता आणि ज्ञानेश्वरीच्या पारायणास बसणाऱ्या थोरामोठ्यांच्या रांगेत, आजोबांच्या मागे हट्ट धरून, मीही एक पाट पटकाविला होता. त्या वयात मला माझ्या वाचनाच्या वेगाचा विलक्षण अभिमान असे. शाळेत धडा वाचावयास उभा राहिलो म्हणजे मास्तरांनी ‘पुरे’ म्हणेपर्यंत मी पुढच्या धड्यात शिरलेला असे, आणि मास्तरांच्या त्या ‘पुरे’त कौतुकापेक्षा कंटाळाच अधिक होता हे उमगण्याचे ते वय नव्हते. पारायणातही मी तेच केले. व्यासपीठचालक आपल्या संथ, किंचित सानुनासिक सुरात ओवी उचलीत, मागून शंभर-सव्वाशे कंठ ती धरीत, आणि सारा मांडव भरल्या बैलगाडीसारखा एका चालीने पुढे सरके. मी मात्र ओठांतल्या ओठांत पुटपुटत त्या गाडीच्या पुढे धावलो, अध्याय संपविला, पोथी मिटली आणि विजयी मुद्रेने इकडेतिकडे पाहू लागलो. माझ्या शेजारी मळकट पागोट्याचा एक वृद्ध शेतकरी बसला होता. त्याने माझ्या मिटलेल्या पोथीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि दोन ओव्यांच्या मधल्या श्वासात हळूच म्हणाला, “कुठं पळालास रं लेकरा? माउली अजून हितंच हाय.”

संध्याकाळी घरी येऊन मी आजोबांपाशी तक्रार केली की, शेजारचे ते बाबा फारच सावकाश वाचतात. आजोबा हसले. म्हणाले, “अरे, त्याला अक्षर येत नाही. पण गेल्या कैक सप्त्यांत त्याचे एक पान चुकलेले मी पाहिले नाही.” दुसऱ्या दिवशी मी माझे वाचन सोडून त्याच्याकडेच लक्ष ठेवले, तेव्हा उलगडा झाला. आजूबाजूच्या पोथ्यांची पाने उलटल्याची सळसळ मांडवातून गेली की, त्याचा जाडाभरडा अंगठा अलगद पुढे येई आणि त्याचेही पान उलटे. त्या दिवशी मला हे मोठे हास्यास्पद वाटले. पुढे कारकुनीत आयुष्य गेले, डोळे झिजले, आणि वाचनाचा वेग ही ज्या गोष्टीची मला सर्वांत अधिक घमेंड होती तीच जेव्हा माझ्या हातून सुटू लागली, तेव्हा त्या अंगठ्याचा अर्थ मी नव्याने लावू लागलो.

बालाघाटाच्या या पठारावर सप्ताह ही काही आगंतुक वस्तू नव्हे. तालुक्यातच गहिनीनाथगड आहे. ज्या भगवानबाबांच्या नावाने पुढे भगवानगड प्रसिद्धीस आला, त्यांचे जन्मगाव सावरगाव हेही याच तालुक्यातले. आणि नांगर धरलेल्या हातांनी पोथी धरावी ही इथली रीत कोणा साक्षरता मोहिमेहून कितीतरी जुनी आहे. एरवी चार ओळींचे पत्र वाचावयाचे तर दुसऱ्याचे दार ठोठावणारी माणसे सात दिवसांत सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ पार करतात. मी कारकून असल्यामुळे हिशेब केल्यावाचून मला राहवत नाही. नऊ हजारांस सातांनी भागले म्हणजे दिवसाच्या वाट्यास पावणेतेराशेंहून थोड्या अधिक ओव्या येतात, आणि सकाळची बैठक चार तासांची धरली तर एका ओवीच्या पदरात अकरा सेकंद पडतात. अकरा सेकंदांत ओवी म्हणता येते, ऐकता येते, मनाशी तिचा एखादा चरण घोळवताही येतो. परंतु अर्थाच्या खोल पाण्यात उतरण्यास मात्र ते पुरत नाहीत. म्हणजे पारायणाची गती अभ्यासकाच्या दृष्टीने फार जलद आणि माझ्यासारख्या उतावळ्या पोराच्या दृष्टीने फार मंद. खरे पाहता ती या दोघांपैकी कोणाचीच नाही. ती मांडवात बसलेल्या सर्वांत धिम्या माणसाची गती आहे, आणि त्याने मागे राहू नये म्हणून बाकीच्या सव्वाशे जणांनी आपापली गती खाली ठेवलेली आहे.

‘वाचणे’ हे क्रियापद आपण आज डोळ्यांच्या व्यापाराला लावतो, पण मुळात ते कंठाचे आहे. संस्कृतात ‘वच्’ म्हणजे बोलणे, आणि ‘वाचयति’ म्हणजे बोलावयास लावतो. मुक्या अक्षरांना जो बोलावयास लावतो तो वाचक. ज्ञानेश्वरीचीच गोष्ट घ्या. परंपरा सांगते की, नेवाशास शके १२१२ मध्ये ज्ञानदेव बोलत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले. ग्रंथात पदोपदी समोर बसलेल्या श्रोत्यांस हाक आहे, आणि नवव्या अध्यायाच्या तर आरंभीच अवधानाची याचना आहे. पुढे शके १५०६ मध्ये पैठणास एकनाथांनी पाठ शुद्ध करून त्या बोलण्याची विस्कटलेली घडी बसविली. जे बोलले गेले तेच पुन्हा बोलते करावयाचे, हे पारायणाचे प्रयोजन आहे. आणि बोलणाऱ्याच्या पुढे धावून त्याचे बोलणे ऐकता येत नाही, इतकी साधी गोष्ट त्या वृद्धाने मला एका वाक्यात सांगितली होती.

जुन्या लेखनाचा घाटच असा होता की, त्यात घाई करू म्हटल्याने ती साधली नसती. आमच्या घरी तीन लिप्यांची दप्तरे होती. आजोबा मोडी वाचीत. पानाच्या आडव्या रेघा आधी ओढून घेऊन त्यांना टांगल्यासारखी अक्षरे ओळीने जोडीत जावयाची, शब्द कोठे संपला आणि कोठे सुरू झाला याचा पत्ता लेखकाने द्यावयाचा नाही, ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळावयाचा नाही. असा तो कागद आजोबा उंबऱ्यावरच्या उजेडात धरीत आणि बोट फिरवीत, ओठ हालवीत, दोनदा तीनदा मागे जाऊन शब्द तोडीत. वडील मोगलाईत तहसील कचेरीत कारकून असल्यामुळे त्यांचे अर्धे आयुष्य उर्दू मिसली उलगडण्यात गेले होते. उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या त्या शिकस्ता अक्षरात बरेचसे स्वर लिहिलेलेच नसतात, तेव्हा शब्द आधी ठाऊक असावा लागतो आणि मग तो वाचता येतो, असे ते म्हणत. आणि मी शिकलो ते बालबोध: छापील, शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडलेले, पूर्णविराम-स्वल्पविरामांच्या खुणा रोवलेले. आजोबांना पायवाट होती, वडिलांना गाडीवाट, मला सडक. मी वेगाने चाललो यात माझ्या पायांपेक्षा सडकेचा गुण अधिक होता. युरोपातही असेच घडले म्हणतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलान शहरी संत अँब्रोज ओठ न हालवता पुस्तक वाचतो हे पाहून संत ऑगस्टीनला त्याची नोंद करावीशी वाटली. आणि पुढे काही शतकांनी आयर्लंडच्या मठांतील लेखकांनी शब्दाशब्दांत जागा सोडण्यास आरंभ केला, तेव्हा मुक्या वाचनाची वाट मोकळी झाली.

लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याची कदर करावी हा विचार आमच्याकडे समर्थांनी स्पष्ट शब्दांत मांडला आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, आणि त्यात अक्षर फार बारीक काढू नये, कारण तारुण्यात लिहिलेले ते अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही, मध्यम आकाराचे असावे, असा उपदेश आहे. तरुणपणी हा समास वाचताना मला ती केवळ कारकुनी सूचना वाटली होती. आता मोतीबिंदूच्या पडद्याआडून वाचताना तिच्यातली करुणा दिसते.

आपल्या शास्त्रकारांनी वाचनाच्या गतीचा विचार केला नव्हता असे नाही. किंबहुना तो त्यांनी इतका बारकाईने केला आहे की आश्चर्य वाटावे. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. गाण्यासारखे हेल काढणारा, डोके हालविणारा, अर्थ न जाणणारा आणि दबल्या गळ्याचा यांच्याबरोबर शीघ्र वाचणाराही त्यांत आहे. आणि गंमत अशी की, नुसते लिहिलेले पाहून वाचणाराही त्याच पंक्तीत बसविला आहे. बाराव्या वर्षी मी यांतील निदान तीन पदव्यांचा मानकरी होतो. परंतु त्याच परंपरेत तीन वृत्तींचा एक अधिक उदार विचारही सापडतो. स्वतःच्या अभ्यासासाठी द्रुत वृत्ती, प्रत्यक्ष प्रयोगात मध्यम, आणि शिष्यास शिकविताना विलंबित. येथे वेगास दोष दिलेला नाही. वेगाचे स्थान नेमून दिले आहे. तू किती वेगाने वाचतोस असे न विचारता तू कोणासाठी वाचतोस असे विचारावे, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते, असा त्या व्यवस्थेचा अभिप्राय मला वाटतो. एकट्यासाठी वाचणाऱ्याने खुशाल धावावे, कारण पडला तर गुडघा त्याचाच फुटणार आहे.

तसा मीही मनसोक्त धावलो. औरंगाबादेस महाविद्यालयात शिकत असताना एका रात्रीत एक कादंबरी हा माझा रतीब होता, आणि पहाटे शेवटचे पान मिटताना पहिल्या पानावरच्या माणसांची नावे आठवत नसत, याची मला खंतही वाटत नसे. पुढे कोठेतरी वाचनात आले की, १८७९ च्या सुमारास पॅरिसच्या जावाल नावाच्या नेत्रवैद्याच्या प्रयोगशाळेत असे आढळले की, वाचणाऱ्याची दृष्टी ओळीवरून प्रवाहासारखी सरकत नाही, ती टोळासारखी उड्या मारते, आणि प्रत्येक उडीनंतर क्षणमात्र टेकते. जे काही दिसते ते त्या टेकण्यात दिसते. मग वेगवान वाचक म्हणजे दुसरे काय, तर कमी ठिकाणी टेकणारा. इंग्रजी वाचकांवर झालेल्या अनेक प्रयोगांची २०१९ साली एकत्र मोजदाद झाली, तीत मनातल्या मनात वाचणाऱ्याचा वेग मिनिटास सरासरी २३८ शब्द आणि मोठ्याने वाचणाऱ्याचा १८३ शब्द भरला. हे आकडे प्रथम पाहिले तेव्हा मी चकित झालो. ज्या कंठाला मी मंद, जुनाट, बैलगाडीच्या युगातला समजत होतो तो डोळ्याच्या अवघा पाव हिस्सा मागे आहे! चार शब्दांतला एक शब्द सोडून द्यावयाची तयारी असेल तर माणसास आपले वाचन दुसऱ्याच्या कानी घालता येते, आणि तेवढ्या एका शब्दाच्या लोभाने मी आयुष्याचा मोठा भाग मुका वाचक म्हणून काढला.

आमच्याच जिल्ह्यात, अंबाजोगाईस, लेखनाच्या वेगाचा एक पुरुष होऊन गेला. दासोपंतांनी भगवद्गीतेवर ‘गीतार्णव’ नावाची टीका लिहिली. तिची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख सांगितली जाते, आणि त्यांना रोज एका ढबू पैशाची शाई लागे अशी आख्यायिका आहे. एवढा मोठा ग्रंथ वाचणार कोण, असा प्रश्न त्यांच्या काळीही कोणाच्या मनात आला असेल. परंतु त्याच दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हा विषय कागदावर न लिहिता सुमारे चाळीस फूट लांब अशा कापडाच्या पासोडीवर लिहिला, आणि ती पासोडी आजही अंबाजोगाईस जपून ठेवलेली आहे. माझी कल्पना अशी की, ती भिंतीवर पसरली म्हणजे वाचणाऱ्यास डोळ्यांनी धावून भागणार नाही. त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायांनी चालत जावे लागेल, आणि बरोबर कोणी असेल तर त्याच्या पावलाशी पाऊल जुळवावे लागेल.

पाऊल जुळविण्याचा पहिला धडा मात्र मला आमच्या आळीतल्या एका म्हातारीने दिला. दसरा झाला की तालुक्यातल्या टोळ्या नगरकडच्या साखर कारखान्यांवर ऊस तोडावयास निघत. तिचा लेक आणि सूनही मुकादमाची उचल घेऊन गेली होती. मी दिवाळीच्या सुटीत घरी असताना तिला लेकाचे एक कार्ड आले. मुलाला लिहिता येत नव्हते, आईला वाचता येत नव्हते. फडावरच्या कोणा साक्षराने लिहिलेले मी वाचावयाचे होते. मी उभ्या उभ्या, उंबऱ्यातच, एका दमात वाचून टाकले: शिरसाष्टांग नमस्कार, इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी, पैसे पाडव्याला आणतो, म्हशीला जपावे. कार्ड परत करू लागलो तर ती खाली बसली. म्हणाली, “आता बसून वाच.” मी बसून वाचले. “आता हळू वाच.” मी हळू वाचले. तिसऱ्या खेपेस तिने ‘सर्व खुशाल’ या शब्दांवर हात वर करून मला थांबविले, आणि बराच वेळ अंगणाकडे बघत राहिली. मग विचारले, “सुनंचं नाव कुठं लिव्हलंय का रं?” मी कार्ड उलटेपालटे करून पाहिले. कोठेच नव्हते. “म्हशीचं लिव्हलंय,” ती म्हणाली, “अन् तिचं नाही लिव्हलं.” तीन वेळा वाचूनही मला जे दिसले नव्हते ते तिला न वाचता दिसले, कारण मी लिहिलेली अक्षरे वाचीत होतो आणि ती न लिहिलेली. पाडव्याला टोळी परतली तेव्हा तिची शंका खरी ठरली, एवढेच सांगतो. अधिक सांगण्याचा अधिकार माझा नव्हे.

एवढा धडा मिळूनही मी शहाणा झालो नाही. शिक्षण संपल्यावर जिल्ह्याबाहेरच्या एका कचेरीत मला नोकरी लागली आणि जबाब लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. अशा प्रत्येक जबाबाच्या शेवटी एक ठराविक वाक्य असते: वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो मला समजला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. त्याखाली निशाणी डावा अंगठा. आपल्या राज्यकारभारात निरक्षर माणसासाठी ठेवलेली ही एकच खिडकी आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखविले पाहिजे, आणि नुसते दाखवून भागत नाही, ते समजलेही पाहिजे. त्या खिडकीशी मी बसलो होतो. एका दुपारी, दप्तर बांधावयाची वेळ झालेली असताना, एका वृद्ध खातेदाराचा जबाब मी घेतला. जमिनीची चतुःसीमा लिहिताना माझ्या हातून पूर्वेचा ओढा पश्चिमेस आणि पश्चिमेचे गायरान पूर्वेस गेले. मग मी तो मजकूर त्यास ‘वाचून दाखविला’. कसा, ते आजही माझ्या कानात आहे: शाळेत धडा वाचावयाचो तसा, एका श्वासात, शब्दास शब्द चिकटवून, मोडीच्या ओळीसारखा. त्या माणसाने जन्मभर त्या ओढ्यात बैल पाजले होते. पूर्व आणि पश्चिम हे शब्द मी नुसते सुटे करून उच्चारले असते तरी तो ताडकन म्हणाला असता की, साहेब, उगवतीला ओढा लिहा. परंतु माझ्या वेगापुढे तो भांबावला, आणि सरकारी कागद असाच वाचत असतील असे समजून त्याने मान डोलाविली व अंगठा पुढे केला. ती चूक दुरुस्त होण्यास दोन वर्षे लागली आणि तेवढ्यात त्याने घातलेल्या हेलपाट्यांची मोजदाद कोठल्याच नोंदवहीत नाही. त्याने मला कधी दोष दिला नाही. कदाचित त्याचे असेच मत झाले असेल की, समजले नाही तो दोष ऐकणाऱ्याचा.

त्यानंतर मी हळू वाचू लागलो. दुपारी दप्तर बांधण्याच्या वेळी वरिष्ठ दाराशी येऊन घड्याळ पाहत उभे राहत, आणि मी पूर्वेस म्हटल्यावर खातेदाराच्या चेहऱ्याकडे पाही, तो ‘बरुबर’ म्हणाला की मग पश्चिमेस म्हणे. त्या रीतीने दिवसाकाठी दोन जबाब कमी होत, याबद्दल शेराही मिळाला. घरी मात्र माझे धावणे चालूच होते, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. वर्तमानपत्र, जुन्या मिसली, रहस्यकथा, निवडणुकीची भाषणे या गोष्टी विलंबित लयीत वाचणे म्हणजे शिळ्या भाकरीस चांदीचे ताट मांडण्यासारखे आहे. आमच्या तालुक्यातलेच पाणी पहा ना. सौताड्यास विंचरणा एका उडीत दरीत कोसळते, आणि याच पठारावर गवळवाडीजवळ उगम पावणारी मांजरा शेकडो कोस वळणे घेत घेत गोदावरीस जाते. यांपैकी एक शहाणी आणि दुसरी उथळ असे इथला कोणी शेतकरी म्हणत नाही. तो एवढेच पाहतो की पाणी कोणाच्या शेताला लागले.

गेल्या वर्षी सप्ताह बसला तेव्हा मुलाने मला मांडवात नेऊन बसविले. आता पोथी मोठ्या टाइपाची आहे, ध्वनिक्षेपक आहे, काही तरुण मंडळींच्या हातांत पोथीऐवजी भ्रमणध्वनी होता. चाल मात्र तीच, भरल्या गाडीची. एका डोळ्याची शस्त्रक्रिया व्हावयाची होती आणि दुसऱ्याने अक्षरांच्या जागी नुसत्या करड्या रेघा दिसत होत्या. पहिल्या दिवशी मी ओशाळून पोथी मिटावयास निघालो होतो. शेजारी कोणाचा तरी दहा-बारा वर्षांचा नातू बसला होता, आणि तो पुढे धावला होता हे मला त्याच्या पुटपुटण्यावरून कळत होते. ओवी मांडवात यावयाच्या आधी तिचे शेपूट त्याच्या ओठांवर असे. मी त्याला काही म्हटले नाही. थोड्या वेळाने त्याचे पुटपुटणे थांबले. मग माझ्या पोथीवर एक लहानसे बोट येऊन टेकले आणि कानाशी आवाज आला, “आजोबा, हितं चाललंय.” मला ती ओळ दिसली नाही. पण बोट दिसले, आणि मागून येणारी ओवी ऐकू आली, ती मी धरली. मग मांडवातून सळसळ गेली, तेव्हा मीही अंगठा पुढे करून पान उलटले.